'डिलिव्हर्ड' म्हणजे नक्की कुणाला?

मेसेज आला तेव्हा मी घरातच होते, दारापासून फार तर सहा पावलांवर, आणि मोबाईल सांगत होता की तुमचं पार्सल डिलिव्हर झालंय. बेल नाही, फोन नाही. दार उघडून बघितलं, बाहेर काही नाही. शेजारी विचारलं, त्यांच्याकडेही नाही. मग ॲप उघडलं तर पुरावा म्हणून चक्क फोटो जोडलेला, एका बंद दारासमोर ठेवलेला खोका, आणि दार निळं. आमचं दार तपकिरी आहे, आम्ही राहायला आलो तेव्हापासून तपकिरीच आहे.

म्हटलं सोपं आहे, दोन मिनिटांत मिटेल. चॅटवर आमच्या दाराचा फोटो पाठवला, त्याखाली लिहिलं की दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. उत्तर आलं, 'आमच्या रेकॉर्डनुसार तुमचं पार्सल यशस्वीरीत्या डिलिव्हर झालेलं आहे.' मी म्हटलं, अहो पण दाराचा रंग बघा ना. 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. आमच्या रेकॉर्डनुसार...' पलीकडे माणूस होता की बॉट हे मला अजून कळलेलं नाही आणि खरं सांगायचं तर त्याने काही फरकही पडत नाही, कारण माणूस असला तरी त्याच्यासमोर तीच स्क्रीन, तीच ठरलेली चार वाक्यं, आणि 'दार वेगळं आहे' असं नोंदवायचं बटण त्याला कुणी दिलेलंच नसणार.

या विषयावर कुणाहीशी बोला, प्रत्येकाकडे असा एखादा किस्सा निघतोच. आणि मग गप्पा उशिरावर जातात, उद्या येणारं पार्सल परवा आलं वगैरे. मला उशिराचं फारसं काही वाटत नाही हो, गाड्या बंद पडतात, पाऊस असतो, रस्ते तुंबतात, समजू शकते. माझी चीड वेगळीच आहे. आलेली वस्तू दाखवता येते, न आलेली वस्तू दाखवायची कशी? रिकाम्या हातांचा फोटो काढून पाठवू का? आणि हे सिद्ध करायचं काम माझ्या गळ्यात का, जेव्हा त्या खोक्याच्या प्रवासाची प्रत्येक नोंद त्यांच्याकडे आहे आणि माझ्याकडे फक्त एक ऑर्डर नंबर आहे? वादी तेच, साक्षीदार तेच, निकाल देणारेही तेच, आणि आपण आपले कोर्टाच्या बाहेर बाकावर बसून.

बरं, न बघता वस्तू मागवणं हा प्रकार काही इंटरनेटने काढलेला नाही. शिकागोत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या माणसाने १८७२ साली टपालाने माल पाठवायचा धंदा काढला तेव्हा त्याचा कॅटलॉग म्हणजे एक कागद होता, त्यावर मालाची यादी आणि किमती. गिऱ्हाईक कोण, तर दूरवरचे शेतकरी, ज्यांनी या माणसाला कधी पाहिलेलं नाही. कोण विश्वास ठेवणार? तर १८७५ मध्ये त्याने जाहीर करून टाकलं की माल पसंत पडला नाही तर पैसे परत. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, इंग्लंडमधला चिनी मातीच्या भांड्यांवाला जोसाया वेजवुड असंच काहीतरी करत होता. ही माणसं संत नव्हती, पक्की व्यापारी होती. त्यांना एवढं बरोबर कळलं होतं की न बघता घेणारा माणूस आंधळेपणाने पैसे टाकतोय, तेव्हा धोका त्याच्या डोक्यावर टाकला तर तो येणारच नाही. धोका आपण घ्यायचा, त्याबदल्यात गिऱ्हाईक मिळतं.

आजचं सगळं ऑनलाईन मार्केट याच वचनावर उभं आहे. 'ईझी रिटर्न्स' हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं तर न घालता बूट कोण घेईल, न बसता खुर्ची कोण घेईल? म्हणजे रिटर्न ही काही वरून घातलेली भीक नाहीये, आपण जी वस्तू घेतो तिचाच तो एक भाग आहे. पैसे घेताना ते वचन विकायचं आणि ते वापरायची वेळ आली की ग्राहकाकडे चोराकडे बघावं तसं बघायचं, हे कुठलं गणित?

गंमत म्हणजे कायद्याने याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी कधीच देऊन ठेवलंय. युरोपियन युनियनचा २०११ चा ग्राहक हक्कांचा निर्देश, जो जून २०१४ पासून लागू झाला, त्यात स्पष्ट लिहिलंय की विक्रेत्याने पाठवलेली वस्तू ग्राहकाच्या किंवा ग्राहकाने सांगितलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत ती हरवली, मोडली तर जबाबदारी विक्रेत्याची. प्रत्यक्ष ताब्यात. दाराजवळ नाही, दारासारख्या दिसणाऱ्या दाराजवळ तर नाहीच नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यातही हेच. शेजाऱ्याकडे ठेवा असं तुम्ही स्वतः सांगितलं असेल किंवा कुरिअर तुम्हीच वेगळा ठरवला असेल तर गोष्ट वेगळी, पण डिलिव्हरीवाल्याने परस्पर कुणाला तरी देऊन टाकलं तर ते तुम्हाला दिलं असं होत नाही. युरोपात कुठलंही कारण न देता माल परत करायला १४ दिवस मिळतात आणि ते मोजायचे वस्तू हातात पडल्यापासून. चीनने मार्च २०१४ पासून ऑनलाईन खरेदीला ७ दिवस दिले, परत पाठवायचा खर्च मात्र ग्राहकाचा. अमेरिकेत १९७५ पासून नियम आहे की सांगितलेल्या वेळेत, आणि वेळ सांगितली नसेल तर ३० दिवसांत, माल रवाना करायचा, नाही जमलं तर ग्राहकाला विचारायचं की थांबता का पैसे परत देऊ. पसंत नाही म्हणून परत करायचा सरसकट हक्क मात्र तिथे देशपातळीवर नाही, ते ज्या त्या दुकानाच्या मर्जीवर. भारताच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असं आहे. (पोच तर बॉट चार सेकंदात देतो, त्यात काय.)

तर कागदावर एवढं सगळं असताना अडतंय कुठे? अडतंय ते 'डिलिव्हर्ड' या एका शब्दाशी. कायदा विचारतो वस्तू ताब्यात आली का, आणि सिस्टीम उत्तर देते स्कॅन झाला का. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लहान पोरालाही कळेल. स्कॅन म्हणजे कुणीतरी कुठेतरी एक बटण दाबलं, बस. पण पलीकडे त्या बटणालाच ताबा समजतात आणि तिथून पुढचं सगळं त्याच्यावर रचलं जातं, रिटर्नची मुदतही त्या क्षणापासून मोजायला सुरुवात. म्हणजे बघा, मला न मिळालेल्या वस्तूची रिटर्नची मुदत संपत चालली आहे अशी आठवण मला त्याच ॲपने दोनदा करून दिली! परत काय करू, निळं दार?

आता कुणी म्हणेल की ओटीपी आला, हा प्रॉब्लेम सुटला. थोडा सुटला, नाही असं नाही. पण ओटीपी कधी घेतात? खोका उघडायच्या आधी. म्हणजे ओटीपीने एवढंच ठरतं की कुणीतरी आलं होतं आणि काहीतरी देऊन गेलं, आत काय होतं हे त्याला माहीत नाही. माझ्या एका मैत्रिणीने हार्ड डिस्क मागवली, ओटीपी दिला, खोका उघडला, आत पुठ्ठ्याचे तुकडे आणि फरशीचा एक छोटा तुकडा, छान कागदात गुंडाळलेला. तिला सांगण्यात आलं की ओटीपी तुम्हीच दिलाय, खोका सीलबंद होता, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ असेल तर पाठवा. नव्हता तिच्याकडे व्हिडिओ. कुठली सामान्य बाई स्वतःच्या घरात खोका उघडताना शूटिंग करते? आता करते ती, एका हातात मोबाईल, एका हातात कात्री, सहाही बाजू फिरवून दाखवते, लेबल कॅमेऱ्यासमोर धरते. पंचनामाच तो. चोरीचा माल सापडल्यासारखा आपण आपल्याच पैशाच्या वस्तूचा पंचनामा करतो आणि याची आपल्याला सवय झाली आहे हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

त्या फरशीच्या तुकड्याकडे मात्र जरा नीट बघा. चोराने खोका रिकामा का नाही ठेवला? कारण त्याला माहीत आहे की खोक्याचं वाटेत वजन होतं. मोठ्या सॉर्टिंग सेंटरमध्ये पट्ट्यावरून जाताना खोक्याचं लेबल वाचलं जातं, लांबी-रुंदी-उंची मोजली जाते, वजन होतं, सगळं आपोआप, कारण वाहतुकीचे पैसे त्यावर ठरतात. डिलिव्हरीवाल्याच्या मोबाईलला तो कुठे उभा होता हे माहीत असतं. कुठल्या टप्प्यावर कुणी उचललं त्याचा वेळेसकट हिशोब असतो. म्हणजे माझं पार्सल आमच्या दारात पोचलं की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, हे शोधायला लागणारी माहिती त्यांच्याकडे होतीच, मला दाराचे फोटो काढायला लावायची गरज नव्हती. मैत्रिणीच्या खोक्याचं वजन गोदामातून निघताना किती आणि शेवटच्या सेंटरला किती, दहा-वीस ग्रॅमचा जरी फरक निघाला असता तरी प्रश्न मिटला असता. तिने मागितलं. उत्तर, 'ही अंतर्गत माहिती आहे.' माझ्या पैशाच्या, माझ्या नावाच्या, माझ्या पत्त्यावर निघालेल्या खोक्याचं वजन माझ्यासाठी अंतर्गत! पण हीच माहिती ग्राहकाच्या विरोधात जात असेल तर बघा किती पटकन बाहेर येते, तुम्ही परत पाठवलेल्या खोक्याचं वजन कमी भरलं म्हणून रिफंड नाकारताना ती अजिबात अंतर्गत नसते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे नाहीतर लेख चुकीच्या माणसावर जाईल. राग काढायला आपल्याला समोर कोण मिळतो तर डिलिव्हरीवाला. त्याने 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा मारून टाकला की आपण त्याला शिव्या घालतो, आणि मारतात तसं, मी घरात असताना तीनदा मी 'उपलब्ध नव्हते'. पण त्याच्या बाजूने बघा की जरा. बऱ्याच ठिकाणी त्याला पार्सलमागे पैसे मिळतात, पोचलं तर मिळतात, नाही पोचलं तर पेट्रोलही स्वतःचं. दिवसाला देतात ती यादी माणसाला संपवता येईल अशी नसतेच, आणि संध्याकाळी राहिलेल्या प्रत्येक खोक्याला ॲपमध्ये काहीतरी कारण लावल्याशिवाय त्याची सुटका नाही. कारणांच्या त्या यादीत 'दमलो', 'वेळ पुरला नाही', 'एवढी पार्सलं द्यायला नको होती' हे पर्याय कुणी ठेवलेत का? नाही. मग जे आहेत त्यातलं एक तो दाबतो, आणि पलीकडे ती माझी चूक म्हणून नोंदवली जाते. त्याचं खोटं त्या यादीने त्याच्याकडून वदवून घेतलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी देतो आपण, एक स्टार देऊन.

आता रिटर्नचं. ऑर्डर करायला किती वेळ लागतो? अंगठा दोनदा टेकवायचा. परत करायचं असेल तर आधी ते बटण शोधा, मग कारण निवडा, कारणाचं उपकारण निवडा, फोटो जोडा, फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा जोडा, पैशाऐवजी वॉलेटमध्ये क्रेडिट घेता का, नको, नक्की नको का, मग पिकअपचा दिवस, तो दिवस आपण घरात थांबून काढायचा, संध्याकाळी मेसेज की पिकअप रद्द, नवीन दिवस निवडा. असं दोनदा झालं की मुदत संपते. आणि संपली की संपली, त्यांच्या चुकीने गेलेले दिवस कुणी त्यातून वजा करत नाही.

रिचर्ड थेलर म्हणून अर्थतज्ज्ञ आहेत, २०१७ चं नोबेल मिळालेले, त्यांनी २०१८ मध्ये या प्रकाराला 'स्लज' म्हटलं होतं, म्हणजे चिखल. वाट बंद नसते, फक्त चिखल इतका केलेला असतो की माणूस अर्ध्यातून मागे फिरतो. वेबसाईटच्या असल्या युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्येच 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं, आणि भारताने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर प्राईमच्या सदस्यत्वावरून खटला भरला, तेव्हा त्यात हे बाहेर आलं की सदस्यत्व रद्द करायच्या वाटेला कंपनीच्या आतले लोक 'इलियड' म्हणत होते, होमरचं ते लांबलचक महाकाव्य आहे ना, ते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ते प्रकरण २.५ अब्ज डॉलरवर मिटलं. प्रकरण सदस्यत्वाचं होतं, रिटर्नचं नाही, पण यातून एक कळतं की वाट लांब आहे हे वाट बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आपण उगाच समजतो की वेबसाईट गचाळ आहे. पैसे घ्यायचं पान कधी गचाळ बघितलंय?

युरोपने यावर एक साधा उपाय काढलाय, १९ जून २०२६ पासून तिथल्या नियमाप्रमाणे ऑनलाईन करार रद्द करायचं बटण वेबसाईटवर ठळक दिसेल असं द्यावं लागतं. बटणासाठी कायदा! हसू येतं, पण दुसरा इलाज काय होता.

हे सगळं लिहिताना मला माहीत आहे की समोरून काय येणार. ग्राहकांमध्ये लबाड लोक नाहीत का? आहेत की, समारंभापुरता ड्रेस घालून टॅग परत लावून पाठवणारे आहेत, नवा फोन काढून खोक्यात जुना घालणारे आहेत, तीन साईझ मागवून दोन परत करणारे तर आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत (मी पण, एकदा, बुटांच्या बाबतीत, आणि मला त्याची लाज नाही कारण साईझचा तक्ता खोटा होता). परत आलेला प्रत्येक खोका उघडावा लागतो, तपासावा लागतो, नवा म्हणून विकता येत नसेल तर घाऊकमध्ये स्वस्तात काढावा लागतो, काही माल सरळ फेकला जातो. न विकलेला माल नष्ट करण्यावर बंदी घालणारा कायदा फ्रान्सला २०२० मध्ये करावा लागला तो उगाच नाही. काही कपड्यांच्या ब्रँडनी रिटर्नला पैसे लावायला सुरुवात केली, झाराने ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये लावले, आणि मला ते पूर्णपणे चूक वाटत नाही. आवडलं नाही म्हणून परत करत असेन तर मी त्याचे थोडे पैसे द्यावेत, आधी सांगा, देईन.

पण हा मुद्दा माझ्या तक्रारीचं उत्तर होत नाही. नावडती वस्तू परत करणं वेगळं, न आलेली, मोडकी, भलतीच वस्तू हा वेगळा विषय, आणि दोन्हीला एकाच फॉर्ममधून, एकाच संशयातून ढकलायचं यातच कंपनीची सोय आहे. काही लोक फसवतात म्हणून प्रत्येकाकडून पंचनामा मागायचा असेल तर तोच न्याय कंपनीला पण लावा ना, खोटे स्कॅन होतात हे त्यांनाही माहीत आहे, मग प्रत्येक स्कॅनवर संशय का नाही? वर कुठल्या ग्राहकाने किती वेळा परत केलं याचा हिशोब ठेवून आतल्या आत शेरे मारले जातात, त्यावर कुणाला लगेच रिफंड आणि कुणाला 'आम्ही तपास करत आहोत' हे ठरतं, आणि आपला शेरा काय आहे हे आपल्याला कधी कळत नाही.

माझं मागणं फार मोठं नाहीये. ग्राहक म्हणाला मिळालं नाही, की त्या खोक्याची सगळी नोंद, वजन, जागा, वेळ, फोटो, त्याला दाखवायची. दाखवायची नसेल तर त्याचं म्हणणं खरं धरून पैसे परत. कंपनीने पिकअप रद्द केला तर तेवढे दिवस मुदत पुढे. आणि वाद चालू असताना पैसे कुणाकडे राहणार हेही ठरवा, कारण ज्याच्या हातात पैसे त्याला घाई नसते. हे काही स्वप्नातलं नाही, अमेरिकेत १९७४ च्या क्रेडिट बिलिंगच्या कायद्यात आहे की कार्डावर घेतलेली वस्तू ठरल्याप्रमाणे पोचलीच नाही अशी लेखी हरकत मुदतीत घेतली तर चौकशी होईपर्यंत ग्राहकाने तेवढी रक्कम भरायची गरज नाही आणि कार्ड कंपनीने त्याला थकबाकीदार ठरवायचं नाही. कागदी बिलं टपालाने यायची तेव्हाचा कायदा. तेव्हा ना खोक्याला जीपीएस होता ना पट्ट्यावर आपोआप वजन व्हायचं, तरी शंकेचा फायदा ग्राहकाला द्यावा हे त्या लोकांना सुचलं. आता प्रत्येक पावलाची नोंद आहे, तर ती नोंदच आपल्या विरुद्धची साक्षीदार करून ठेवली आहे.

माझ्या पार्सलचं काय झालं विचाराल तर १९ व्या दिवशी पैसे परत आले. खाली ओळ होती, 'तुम्ही आमचे मौल्यवान ग्राहक असल्याने, धोरणात बसत नसतानाही, एक अपवाद म्हणून हा रिफंड मंजूर करण्यात येत आहे. यापुढे असा अपवाद करता येणार नाही.' पाठोपाठ दुसरा मेसेज, आमच्या सेवेला किती स्टार द्याल. मी ऑर्डर हिस्टरी उघडून बघितली, तिथे हिरव्या रंगात अजून 'डिलिव्हर्ड' आहे, शेजारी ते निळं दार.